छातीतील जुनी गाठ आणि २०२१ ची सीडी : एक प्रकरण अभ्यास

यवतमाळ जिल्ह्यातील आर्णी तालुक्यात कोरडवाहू शेतीत कापूस आणि तूर घेणाऱ्या एका अठ्ठावन्न वर्षांच्या शेतकऱ्याच्या उजव्या फुप्फुसात २०२४ च्या उन्हाळ्यात ११ मिलिमीटरची एक गाठ दिसली. पन्नाशी उलटलेले वय, अनेक वर्षे ओढलेली विडी आणि गाठीचा आकार या तिन्ही गोष्टी पाहता डॉक्टरांना कर्करोगाची शंका घेणे भागच होते, आणि त्यामुळे छातीत सुई घालून गाठीचा तुकडा काढण्याची, म्हणजे बायोप्सीची, भाषा सुरू झाली. ती बायोप्सी करावी लागली नाही. ज्या पुराव्यामुळे ती टळली तो पुरावा घरातच पत्र्याच्या पेटीत तीन वर्षे पडून होता. मात्र तो डॉक्टरांना पाहता येईल अशा अवस्थेत आणायला बरीच यातायात पडली. ती यातायात कशामुळे पडली, हाच या टिपणाचा विषय आहे.

मी ग्रामीण रुग्णालयात क्ष-किरण तंत्रज्ञ म्हणून नोकरी केली. निवृत्तीनंतरही पंचक्रोशीतली माणसे फोटो आणि रिपोर्ट घेऊन घरी येतात, तसा या शेतकऱ्याचा मुलगा आला होता. दोघांच्या संमतीने हे लिहीत आहे आणि ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. गाठ कशाची आहे हे ठरवणे माझे काम नव्हे, आणि येथेही मी ते ठरवत नाही. स्कॅनच्या प्रतिमा रुग्णाच्या हाती कशा येतात, कशा उघडतात आणि कशा टिकतात किंवा टिकत नाहीत, एवढ्यापुरतेच हे लेखन मर्यादित आहे.

प्रकरणाची सुरुवात

तीन आठवडे खोकला जाईना म्हणून रुग्ण ग्रामीण रुग्णालयात गेला. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असला की क्षयरोगाची तपासणी करायची, या रीतीप्रमाणे थुंकी तपासली गेली आणि छातीचा एक्स-रे काढला गेला. थुंकीत काही निघाले नाही. एक्स-रेमध्ये उजवीकडे वरच्या भागात एक गोलसर सावली दिसली. तेथून सिटीस्कॅन झाला. त्याच्या रिपोर्टमध्ये उजव्या फुप्फुसाच्या वरच्या खंडात ११ मिलिमीटरची घन गाठ असल्याचे लिहिले होते, आणि खाली एक वाक्य होते की तुलनेसाठी जुना स्कॅन उपलब्ध नाही.

घरच्यांचे सारे लक्ष गाठ या शब्दावर खिळले. माझे लक्ष मात्र त्या खालच्या वाक्यावर थांबले, कारण फुप्फुसातल्या लहान गाठीबाबत छातीरोगतज्ज्ञ पहिला प्रश्न विचारतात तो हाच, की ती पूर्वी होती का आणि होती तर केवढी होती. कर्करोगाची घन गाठ सहसा काही महिन्यांत वाढलेली दिसते. उलट, जी घन गाठ दोन वर्षे किंवा त्याहून अधिक काळ आहे तेवढीच राहते ती बहुधा निरुपद्रवी असते, आणि जुन्या क्षयरोगाचा व्रण ही आपल्याकडे तिची अगदी नेहमीची जात आहे. जुना स्कॅन हाताशी नसेल तर ८ मिलिमीटरहून मोठ्या गाठीसाठी तीन मार्ग उरतात: तीन महिने थांबून पुन्हा स्कॅन करणे, गाठ किती सक्रिय आहे हे दाखवणारा पेट-सीटी स्कॅन करणे किंवा तुकडा काढणे. पहिल्यात घरादाराची झोप उडते, दुसऱ्यासाठी मोठे शहर गाठावे लागते आणि खर्चही मोठा येतो, तर तिसऱ्यात फुप्फुसाला टोचल्यामुळे छातीच्या पोकळीत हवा शिरण्याचा धोका असतो.

मुलाला मी विचारले की बाबांचा याआधी कधी सिटीस्कॅन झाला होता का. तो म्हणाला, "करोनात झाला होता ना काका, स्कोअर अकरा आला होता."

स्कोअर तेवढा सगळ्यांना आठवतो

फेब्रुवारी २०२१ पासूनच अमरावती, यवतमाळ आणि अकोला या भागांत करोनाचे रुग्ण पुन्हा वाढू लागले होते, आणि एप्रिल उजाडेपर्यंत छातीचा एचआरसीटी, म्हणजे बारीक कापांचा सिटीस्कॅन, ही घरोघरची गोष्ट झाली होती. फुप्फुसांचे पाच खंड, प्रत्येकाला शून्य ते पाच गुण, असा मिळून पंचवीसपैकी स्कोअर निघायचा आणि तो आकडा फोनवरून नातेवाइकांत फिरायचा. राज्य शासनाने सप्टेंबर २०२० मध्ये या तपासणीच्या दरांवर मर्यादा घातली होती. एका फेरीत सोळापेक्षा कमी काप (स्लाइस) घेणाऱ्या यंत्रासाठी २,०००, सोळा ते चौसष्टसाठी २,५०० आणि त्यावरील यंत्रासाठी ३,००० रुपये, असे ते दर होते व त्यांत रिपोर्ट आणि फिल्म दोन्ही धरलेले होते. या महामारीने एक गोष्ट नकळत केली. ज्या गावांतून आयुष्यात कोणी सिटीस्कॅनच्या खोलीत पाऊल ठेवले नसते, अशा हजारो माणसांच्या फुप्फुसांची त्या एका तारखेची तपशीलवार नोंद तयार झाली. आज त्यांपैकी कोणाच्या छातीत काही संशयास्पद दिसले, तर तुलनेसाठी २०२१ ची प्रतिमा असण्याची शक्यता बरीच आहे. प्रश्न फक्त ती कुठे आहे आणि उघडते का, एवढाच असतो.

या घरी २०२१ च्या पाकिटात तीन वस्तू निघाल्या: टाइप केलेला रिपोर्ट, दोन मोठ्या फिल्म आणि कागदी वेष्टनातली एक सीडी. याहूनही जुना पुरावा एकेकाळी होता. रुग्णाने तरुणपणी टीबीचा कोर्स घेतला होता आणि तेव्हाच्या छातीच्या प्लेट कितीतरी वर्षे माळ्यावर होत्या. पण जुन्या एक्स-रे प्लेटमधून चांदी निघते म्हणून भंगारवाले त्या विकत घेतात, आणि एका दिवाळीच्या साफसफाईत त्या तशाच गेल्या. "दुखनं बरं झालं, मंग ते काये फोटो कायले ठेवाचे जी," असे रुग्णाच्या पत्नीने मला सांगितले, आणि आजाराकडे आजारापुरतेच पाहण्याची सवय असलेल्या कुठल्याही घरात हेच उत्तर मिळेल.

रिपोर्ट आणि फिल्म यांची मर्यादा

२०२१ च्या रिपोर्टमध्ये पहिल्या दोन परिच्छेदांत करोनाचा न्यूमोनिया आणि स्कोअर होता. तिसऱ्या परिच्छेदात, कोणीही न वाचलेली एक ओळ होती: उजव्या वरच्या खंडात तंतुमय रेषा व एक गाठ, बहुधा जुन्या संसर्गाची. मुलाने ही ओळ वाचली तेव्हा त्याला वाटले की काम झाले. ते झाले नव्हते. त्या ओळीत गाठीचे माप नव्हते, आणि माप नसेल तर ती तीन वर्षांत वाढली की नाही हे कोणालाही सांगता येत नाही. त्या दिवसांत एकेका केंद्रावर रांगा लागलेल्या होत्या, त्यामुळे रिपोर्ट लिहिणाऱ्याने मुख्य आजारावर भर दिला याबद्दल माझी तक्रार नाही. पण सातबाऱ्याचा उतारा वाचून शेताच्या धुऱ्याची मोजणी होत नाही, तसे रिपोर्टचे आहे. मोजायचे असेल तर मूळ प्रतिमाच लागते.

फिल्म ही मूळ प्रतिमा आहे असा सार्वत्रिक समज आहे, आणि तो काढून टाकणे मला नोकरीत असतानाही जमले नाही. छातीच्या एका स्कॅनमध्ये शे-दोनशेपासून पाचशेपर्यंत काप, म्हणजे शरीराच्या आडव्या पातळ थरांच्या प्रतिमा, असतात. फिल्मवर त्यांतले वीस-तीस निवडून, आगपेटीएवढ्या चौकोनांत छापले जातात, म्हणजे सेंटिमीटरभराची गाठ दोन छापील कापांच्या मध्येच राहून गेली असेही होऊ शकते. शिवाय प्रत्येक चौकोन एकाच ठरावीक उजळपणावर गोठलेला असतो. सिटीस्कॅनचे यंत्र शरीरातल्या प्रत्येक बिंदूची घनता आकड्यात नोंदवते. पाणी शून्य, हवा उणे १,०००, हाड काहीशे ते हजाराच्या पुढे. हे मोजमाप ज्यांच्या नावाने ओळखले जाते त्या गॉडफ्री हाउन्सफील्ड यांना अॅलन कॉरमॅक यांच्यासह १९७९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. एवढा मोठा पल्ला डोळ्यांना एकदम दिसत नाही, म्हणून संगणकावर त्यातला हवा तो तुकडा निवडून पाहतात. फुप्फुसासाठी एक, हाडासाठी दुसरा, छातीच्या मधल्या भागासाठी तिसरा. गाठीत कॅल्शियम साचले आहे का हे फुप्फुसाच्या उजळपणावर छापलेल्या फिल्ममध्ये कळत नाही, कारण त्यात गाठ आणि हाड सारखेच पांढरे दिसतात. खिडकीला धरलेल्या फिल्मचा मोबाइलने फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवला, की उरलीसुरली माहितीही जाते. फिल्म धरणाऱ्याचा अंगठा आणि खिडकीची जाळी तेवढी स्पष्ट येते.

या प्रकरणात फिल्मचा आणखी एक दोष उघड झाला. दोन्ही फिल्म कडेकडेने काळवंडल्या होत्या आणि एकीचा अर्धा भाग जवळजवळ पूर्ण काळा पडला होता. पूर्वीच्या प्लेट रसायनांत धुतल्या जात आणि त्यांतली चित्रे दशकानुदशके टिकत. आताच्या ड्राय फिल्ममध्ये चित्र उष्णतेने उमटते, आणि उष्णतेला प्रतिसाद देणारा थर छपाईनंतरही फिल्ममध्ये राहतो. मे महिन्यात बाहेरचा पारा ४५ अंशांच्या घरात असताना टिनाच्या छपराखालच्या पत्र्याच्या पेटीत तीन उन्हाळे काढलेल्या फिल्मचे दुसरे काही होणे कठीणच होते. फिल्म ठेवायचीच असेल तर ती घरातल्या सर्वांत थंड, अंधाऱ्या जागी, भिंतीच्या आतल्या कपाटात ठेवावी. पेटी आणि माळा या जागा वर्ज्य.

सीडी उघडताना

राहिली सीडी. मुलाच्या लॅपटॉपला सीडी घालायची सोयच नव्हती आणि गावातल्या सेवा केंद्रातल्या संगणकालाही ती नव्हती. सीडी वाचणारे यंत्र तालुक्याला एका फोटो स्टुडिओत मिळाले, कारण लग्नाचे शूटिंग अजूनही कोणी कोणी डीव्हीडीवर मागतात. स्टुडिओवाल्याने सीडी घातली तर एक खिडकी उघडली आणि लगेच बंद झाली. सीडीवर प्रतिमांसोबत त्या पाहण्याचा एक लहान प्रोग्रॅम दिलेला असतो आणि तो नव्या विंडोजवर चालेलच असे नसते. मुलाने फोन केला, "काका, ह्या फाईली तं उघडूनच नाही राहिल्या. नावंबी कायचे आकडेच हायेत. करप्ट झाली वाटते सीडी."

सीडी तेवढ्यापुरती तरी खराब नव्हती. त्या फाइली डायकॉम या प्रकारच्या होत्या. वेगवेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांना एकमेकांच्या प्रतिमा वाचता याव्यात म्हणून अमेरिकेत १९८५ मध्ये एक मानक तयार झाले आणि १९९३ पासून ते डायकॉम या नावाने ओळखले जाते. आज यवतमाळच्या यंत्रावरची प्रतिमा नागपूर, मुंबई किंवा वेल्लोरच्या संगणकावर उघडते ती त्यामुळेच. या फाइलींना बहुतेक वेळा जेपीजीसारखे शेपूट नसते, नावे आठ अक्षरांच्या आतली आणि आकड्यांची असतात, आणि सोबत डायकॉमडिर नावाची एक अनुक्रमणिका असते. अनोळखी नावे पाहून व्हायरस समजून त्या पुसून टाकणारी माणसे मी पाहिली आहेत. सीडीतला प्रोग्रॅम चालला नाही तरी काही बिघडत नाही. संपूर्ण सीडी, एकही फाइल न वगळता व नाव न बदलता, एका फोल्डरमध्ये उतरवून घ्यायची आणि वेगळा डायकॉम व्ह्यूअर वापरून ते फोल्डर उघडायचे. विंडोजवर मायक्रोडायकॉम, मॅकवर होरोस आणि कोणत्याही संगणकावर वीसिस असे पर्याय आहेत. घरगुती वापरासाठी त्यांना पैसे पडत नाहीत.

उतरवून घेताना मात्र खरी अडचण आली. निम्म्याच्या पुढे सीडी अडकू लागली आणि कॉपी थांबली. एकदा लिहिता येणाऱ्या सीडीत माहिती एका रंगद्रव्याच्या थरावर कोरलेली असते आणि ऊन व उष्णता यांनी तो थर कमजोर होतो. या सीडीने फिल्मसोबतच ते तीन उन्हाळे काढले होते. स्टुडिओवाल्याने ती पाण्याच्या ओल्या फडक्याने मधून कडेकडे पुसली, वेगळ्या यंत्रात घातली आणि न वाचता येणाऱ्या फाइली सोडून पुढे जाणारा प्रोग्रॅम लावला. डायकॉममध्ये प्रत्येक काप ही स्वतंत्र फाइल असते, हे येथे उपयोगी पडले. काही काप कायमचे गेले, पण ते पोटाकडच्या बाजूचे होते. गाठीचा भाग शाबूत निघाला.

याच दरम्यान मुलाने ज्या केंद्रात २०२१ चा स्कॅन झाला होता तेथेही चौकशी केली. तेथील खिडकीवर त्याला सांगण्यात आले की इतका जुना डेटा यंत्रात ठेवला जात नाही, फिल्म दिलेली आहे, तीच दाखवा. लेखी अर्ज घ्यायलाही ते तयार नव्हते. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार डॉक्टरांनी भरती रुग्णांची कागदपत्रे उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपायची असतात, आणि रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाने मागणी केल्यास ती ७२ तासांत द्यायची असतात. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने राज्यांकडे पाठवलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेतही तपासणीच्या अहवालांच्या प्रती मिळणे हा हक्क म्हणून नोंदवला आहे. पण बाहेरून येऊन तासाभरात स्कॅन करून गेलेल्या माणसाच्या मूळ प्रतिमा तीन वर्षांनी मागायला गेल्यावर या तरतुदींचा आधार किती पुरेल, याबद्दल मी मुलाला मोठी आशा दाखवली नाही. जी वस्तू केंद्राने पुसून टाकली आहे ती हक्क सांगूनही परत येत नाही. मागायची वेळ स्कॅनच्याच दिवशी असते, काउंटरवरून उठण्याआधी.

मुलाने स्वतः पाहिले तेव्हा

प्रतिमा उघडल्यावर मुलाने त्या रात्री स्वतःच पाहायला घेतल्या. रुग्णाने किंवा त्याच्या घरच्यांनी आपला स्कॅन पाहू नये, या मताचा मी नाही. शरीर त्याचे आहे आणि प्रतिमाही त्याच्या आहेत. मात्र काय पाहतो आहोत याची थोडी ओळख नसेल तर माणूस घाबरतो, आणि मुलगा घाबरला. त्याला दोन्ही फुप्फुसांत पांढरे ठिपके दिसत होते, मोजता येणार नाहीत इतके, आणि त्याने ती सगळी गाठ पसरल्याची खूण मानली. "बाबाले काई सांगू नका, पन हे तं सगळीकडं झालं हाये," एवढेच तो बोलू शकला.

मी त्याला एका ठिपक्यावर थांबून माउसचे चाक हळूहळू फिरवायला सांगितले. काप एकामागून एक पुढे सरकतात तसा तो ठिपका किंचित बाजूला सरकतो, लांबट होतो, मग दुसऱ्या रेषेला जाऊन मिळतो. म्हणजे ती रक्तवाहिनी असते आणि आडव्या कापात तिचे तोंड तेवढे दिसत असते. फुप्फुसे अशा वाहिन्यांनी भरलेलीच असतात. गाठ मात्र दोन-चार किंवा आठ-दहा कापांत उगवते, मोठी होते, लहान होते आणि कशालाही न जोडता नाहीशी होते. मुलाने चाक मागेपुढे करून हा फरक स्वतः पाहिला आणि त्याचा श्वास जरा खाली बसला. दुसरा घोळ बाजूंचा होता. सिटीस्कॅनचा काप पायांकडून पाहिल्यासारखा दाखवतात, त्यामुळे रुग्णाची उजवी बाजू पडद्यावर डावीकडे येते. मुलगा इतका वेळ निरोगी फुप्फुसात गाठ शोधत होता.

व्ह्यूअरमध्ये मोजपट्टी असते आणि ती ओढून गाठ मोजता येते, पण घरी मोजलेल्या मापावर निर्णय घेऊ नये असे मी त्याला बजावले. कोणत्या कापात मोजायचे, कोणत्या उजळपणावर मोजायचे आणि किती फरक खरा मानायचा, याला संकेत आहेत. २ मिलिमीटरपेक्षा कमी फरक तर तज्ज्ञही सहसा वाढ म्हणून धरत नाहीत, कारण तेवढी चूक मोजण्यातच होऊ शकते. घरी पट्टी ओढणाऱ्याला साडेदहाचे साडेअकरा झालेले दिसले तर त्याची रात्र वाया जाते.

दोन स्कॅन शेजारी

आमच्याकडची माणसे मोठ्या तपासणीला सावंगीला जातात, सेवाग्रामला जातात किंवा नागपूरच्या मेडिकलला. हा रुग्ण नागपूरला छातीरोगतज्ज्ञांना दाखवत होता. २०२१ आणि २०२४ चे दोन्ही स्कॅन एका पेन ड्राइव्हवर, दोन वेगळ्या फोल्डरमध्ये, तारखेच्या नावाने घालून दिले, आणि सोबत दोन्ही रिपोर्टच्या झेरॉक्स दिल्या. डॉक्टरांनी दोन्ही स्कॅन पडद्यावर शेजारीशेजारी लावले आणि क्ष-किरणतज्ज्ञांकडून तुलनेचा रिपोर्ट मागवला. गाठ तीच होती, जागा तीच होती, आणि तीन वर्षांत आकारात मोजण्याजोगा फरक पडलेला नव्हता.

सीडीत जाड कापांसोबत एक मिलिमीटरच्या पातळ कापांची मालिकाही होती, हे या रुग्णाचे नशीब. जाड कापात गाठ आणि तिच्या भोवतीची हवा यांची सरासरी होऊन घनता कमी भरते. पातळ कापांत गाठीच्या मध्यभागी कॅल्शियम स्पष्ट दिसले, आणि जुन्या क्षयरोगाच्या व्रणाशी ते जुळत होते. केंद्रे पुष्कळदा सीडीत फक्त जाड कापांचा संच घालतात, कारण तो लवकर कॉपी होतो. म्हणून प्रत मागताना पातळ कापांची पूर्ण मालिका द्या असे नेमके सांगावे. एक काप ५१२ गुणिले ५१२ बिंदूंचा आणि प्रत्येक बिंदूला दोन बाइट, म्हणजे साधारण अर्धा एमबी होतो. ३०० कापांचा स्कॅन दीडशे एमबीच्या आसपास जातो आणि ७०० एमबीच्या सीडीत आरामात मावतो. जागा पुरत नाही ही सबब छातीच्या साध्या स्कॅनला तरी लागू होत नाही.

बायोप्सी रद्द झाली. डॉक्टरांनी वर्षभराने एकदा स्कॅन करून खात्री करू असे ठरवले. खोकल्याचे कारण वेगळे निघाले आणि तो औषधाने गेला.

आता प्रती कशा ठेवल्या आहेत

सीडीतून वाचलेले फोल्डर आणि २०२४ चा स्कॅन यांच्या आता तीन प्रती आहेत: एक मुलाच्या लॅपटॉपवर, एक पुण्याला नोकरीला असलेल्या पुतण्याच्या संगणकावर आणि एक पेन ड्राइव्हवर. पेन ड्राइव्ह दवाखान्यात नेण्यासाठी आहे. वर्षानुवर्षे कपाटात पडून राहिलेल्या पेन ड्राइव्हवरची माहिती जाऊ शकते, त्यामुळे एकट्या त्याच्यावर भिस्त ठेवलेली नाही. फोल्डरच्या नावात वर्ष, महिना, अवयव आणि तपासणी एवढेच आहे. पुण्याला पाठवताना पूर्ण फोल्डरची झिप करून ती व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवली. फोटो म्हणून काहीही पाठवलेले नाही. डायकॉमच्या प्रत्येक फाइलमध्ये रुग्णाचे नाव, वय, तारीख आणि केंद्राचा तपशील दडलेला असतो आणि प्रतिमेवर तो दिसत नसला तरी फाइलसोबत जातो, म्हणून ही झिप गावच्या ग्रुपवर किंवा अनोळखी संकेतस्थळावर टाकायची नाही, हेही घरी ठरले आहे.

मूळ फिल्म आणि सीडी कोणालाही द्यायची नाही, असाही नियम मुलाने केला, आणि त्यामागे शेजारच्या घरचा अनुभव आहे. शासकीय योजनेतून शस्त्रक्रिया व्हायची होती तेव्हा तेथील फिल्म मंजुरीच्या फाइलला लागल्या आणि रुग्णालयातच राहिल्या. पुढे दुसऱ्या डॉक्टरला दाखवायला हाती काही उरले नाही. योजनेचे काम पाहणाऱ्या आरोग्यमित्राला किंवा रुग्णालयाला प्रत द्यावी, आणि मूळ देणे भागच पडले तर पोच घ्यावी.

२०२५ च्या तपासणीला केंद्राने सीडी दिली नाही, मोबाइलवर एक दुवा पाठवला. अशा दुव्यावर प्रतिमा छान दिसतात आणि माणसाला वाटते की त्या आपल्याकडे आल्या. प्रत्यक्षात त्या केंद्राच्या किंवा तिसऱ्याच कंपनीच्या संगणकावर असतात आणि ठरावीक मुदतीनंतर दुवा बंद पडतो. मुलाने तेथेच डाउनलोडचे बटण शोधले, ते फक्त रिपोर्टची पीडीएफ देत होते. त्याने काउंटरवर पातळ कापांसह डायकॉम मागितले. आधी नकार आला, मग सीडीचे वेगळे पैसे सांगितले गेले, शेवटी त्याने नेलेल्या नव्या पेन ड्राइव्हवर तंत्रज्ञाने संपूर्ण स्कॅन उतरवून दिला. तेथून निघण्यापूर्वी मुलाने लॅपटॉपवर फोल्डर उघडून पहिला, मधला आणि शेवटचा काप पाहिला, वडिलांचे नाव आणि तारीख तपासली. रिपोर्टमध्ये या वेळी तुलनेची ओळ होती: २०२१ व २०२४ च्या स्कॅनशी ताडून पाहता गाठीत बदल नाही. त्याच आठवड्यात त्याने आईच्या कमरेच्या एमआरआयची २०१९ ची सीडीही पेटीतून काढून स्टुडिओत नेली. ती पहिल्याच झटक्यात पूर्ण उतरली.